वैमानिकाचे जॅकेट आणि घरातली खुंटी

विमान चालविणे तर दूरच, परंतु ज्यांनी आयुष्यात दोन-चार वेळांच विमानप्रवास केला असेल, अशा तरुणांस ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या लढाऊ वैमानिकाच्या चामडी जॅकेटाचा ध्यास लागावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी थोडी विनोदी वाटते. त्यातून तो तरुण वर्ध्यास लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील असावा, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि छताचा पंखादेखील गरम वाराच ओततो, म्हणजे तर हसू आवरणे कठीण! परंतु हा नाद आता आपल्याकडेही चांगलाच रुजला आहे, आणि त्यापायी एकत्र कुटुंबांत जे वाद उत्पन्न होतात त्यांचे मूळ वाटते त्यापेक्षा खोल आहे, असे आमच्या ध्यानात आल्यावरून या महिन्यात तोच विषय घेतला आहे.

हे जॅकेट म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण घरातील वडील मंडळी त्यास 'फटफटीवाल्यांचा कोट' समजून मोकळी होतात. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने १९३१ साली 'ए-२' या नावाने एक चामडी जॅकेट ठरवून दिले. ते बहुधा घोड्याच्या आणि काही वेळा शेळीच्या कातड्याचे, गडद तपकिरी रंगाचे असे. विमानाच्या अरुंद बैठकीत लांब कोट मांडीवर गोळा होतो, म्हणून ते कमरेपर्यंतच आखूड. समोर धातूची चेन, आणि तिच्या फटीतून वारा शिरू नये म्हणून आतून कातड्याची पट्टी. कॉलर फडफडू नये म्हणून तिच्या टोकांस टिचबटणे, आणि मनगटाशी व कमरेशी लोकरी विणीचे पट्टे. खांद्यांवरच्या पट्ट्या सोडल्या तर त्यात शोभेसाठी म्हणून एकही गोष्ट नाही. अमेरिकेच्या आरमारी वैमानिकांचे जॅकेट शेळीच्या कातड्याचे व केसाळ कॉलरचे. ते पुढे 'जी-१' या नावाने ओळखले जाऊ लागले. इंग्रजांच्या हवाई दलात लेस्ली आयर्विन या हवाई छत्र्या बनविणाऱ्या गृहस्थाने काढलेले मेंढीच्या जाड कातड्याचे, आत लोकर असलेले जॅकेट चाले. १९४३ साली अमेरिकेने नव्या ए-२ची मागणी थांबविली आणि त्याची जागा कापडी जॅकेटांनी घेतली. तरी वैमानिकांचे मन त्यावरून उडाले नाही, आणि १९८८ साली तेथील हवाई दलाने ते पुन्हा चालू केले.

आता वर्ध्याच्या उन्हाचा आणि या जॅकेटाचा काय संबंध, असे कोणी विचारील. उंचीच्या प्रत्येक किलोमीटरास हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. वर्ध्यात ४२ अंशांची दुपार असता एखादा मनुष्य ६ किलोमीटर वर गेला, तर या हिशेबाने त्याच्या वाट्यास अवघे ३ अंश उरतात! दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात आसामातील धावपट्ट्यांवरून हिमालयाचे पूर्वेकडील डोंगर ओलांडून चीनमधील कुनमिंगला सामान पोचविणारी विमाने सुमारे याच उंचीवरून जात. खाली दमट उकाडा आणि वर गोठविणारी थंडी, अशा त्या वाटेवर ही जॅकेटे झिजली. त्यांपैकी काहींच्या पाठीवर चिनी निशाण व चिनी अक्षरे शिवलेली असत. हा परकी मनुष्य आपल्या साहाय्यास आला आहे, सैनिकांनी व प्रजेने याचा जीव वाचवावा, असा त्या मजकुराचा आशय. ज्याची भाषा गावकऱ्यांस कळणार नाही, त्याची विनवणी त्याच्या कोटाने करावी, ही कल्पना आम्हांस विलक्षण हृद्य वाटते. या आघाडीवरील जॅकेटांवरची कित्येक चिन्हे आपल्याच देशातील कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे कापून किंवा जरीने भरून केलेली होती. संग्राहक त्यांस आज मोठा मान देतात. करणाऱ्यांची नावे मात्र कोठे नमूद नाहीत.

या नादाचे खरे माहेर आज जपान होय. तेथील कारखानदारांनी जुनी जॅकेटे उसवून टाके मोजले, दोऱ्याचा पीळ पाहिला, चेनीचा नमुना तपासला, आणि जवळजवळ हुबेहूब प्रती काढल्या. 'बझ रिक्सन्स' या १९९३ साली निघालेल्या तेथील छापाचे नाव तर १९६२ च्या एका युद्धपटातील वैमानिकाच्या पात्रावरून घेतलेले आहे. उत्तम प्रतीची किंमत लाख रुपयांच्या घरात जाते. इतके पैसे कोटासाठी? असे विचारणाऱ्यास आमचे एवढेच सांगणे, की कापड वापरून विरते, चांगले कातडे वापरून खुलते. कोपराशी पडणारी घडी, खिशाच्या कडेस आलेली चकाकी, खांद्यावर उजळलेला रंग, हे सारे अंगावर घेणाऱ्याच्या देहाने केलेले असते. आजीच्या पाटास किंवा झोपाळ्याच्या कडीस जो गुळगुळीतपणा येतो त्याच जातीचा हा आनंद आहे, आणि तो उमजण्यास अमेरिकेस जावे लागत नाही.

बोरगाव मेघे येथील ज्या घराचा वाद आमच्या कानी आला, तेथे पैशाचा प्रश्न फारसा निघालाच नाही. प्रश्न निघाला खुंटीचा. नातवाने जॅकेट बैठकीच्या खोलीत टांगले. तेथून चार पावलांवर देवघर. आजींनी ते चपलांच्या मांडणीजवळ नेऊन ठेवण्यास सांगितले.

"अगं आजी, शेळीचं आहे ते."

"शेळीचं असो की सिंहाचं, देवघरासमोर नको!"

वडिलांचा आक्षेप निराळा होता. ज्या घरात अंडेदेखील शिजत नाही, त्या घराने जिवाची कातडी मिरवावी काय, असे त्यांचे म्हणणे. काकू म्हणाल्या, पावसाळ्यात त्यास बुरशी येईल व ती कपाटभर पसरेल. (तिघांत व्यवहारी तेवढ्या काकूच, असे आमचे मत आहे.) नातवाने मग माळ्यावरून एक गुंडाळी काढून आणली. ते त्याच्या पणजोबांचे मृगाजिन होते. त्यावर बसून त्यांनी चाळीस वर्षे संध्या केली होती.

ही गुंडाळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एके काळी होती. मुंजीत बटूस अजिन देण्याचा विधी आहे. आरतीस व भजनास जो पखवाज घुमतो त्याच्या तोंडावर कातडेच ताणलेले असते, आणि तो देवघराच्या उंबऱ्याशीच वाजतो. तेव्हा कातडे तेवढे अपवित्र, हे आपल्या घरांनी कधीच मानले नव्हते. उंबऱ्याबाहेर आपण ठेवला तो कातडे सोलणारा व कमावणारा माणूस. वस्तू आत घेतली आणि हात बाहेर ठेवले. आजींच्या सोवळ्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या खुंटीच्या वादात खरोखर काय टांगले आहे, हे स्पष्ट बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हे बोलण्यास वर्ध्यासारखे दुसरे स्थळ नाही. वर्ध्यालगतच्याच नालवाडीस १९३५ च्या सुमारास एक चर्मालय निघाले. ते गोपाळराव वाळुंजकर यांनी चालविले. गांधीजींचा आग्रह असा होता, की कत्तल केलेल्या जनावराचे कातडे न घेता नैसर्गिक मरणाने मेलेल्या जनावराचेच घ्यावे. गावोगाव मरणाऱ्या गुरांची कातडी निष्काळजीपणाने वाया जातात किंवा कच्चीच परदेशी जातात, हे त्यांस खुपत असे. मेलेले जनावर फरफटत नेले म्हणजे कातड्यास ओरखडे पडतात, सोलण्यास उशीर झाला म्हणजे ते सडू लागते, सुरी चुकली म्हणजे त्यास भोके पडतात. म्हणून जनावर उचलून न्यावे, त्वरेने सोलावे, मीठ लावावे, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढावे, आतील मांस तासावे, आणि मग बाभळीच्या सालीच्या काढ्यात ते मुरवावे. गावठी रीतीत कातड्याची पिशवी शिवून तीत तो काढा भरीत व ती टांगून ठेवीत. या कामाचा वास ज्याने घेतला आहे, तो कमावलेल्या कातड्याकडे पुन्हा उपेक्षेने पाहणार नाही. आज बहुतेक कातडी क्रोमच्या क्षारांनी थोड्या अवधीत कमावली जातात; त्यातून निघणाऱ्या सांडपाण्याने कानपुरास गंगेचे काय केले, हे सर्वश्रुत आहे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच कामास हात घातला. जन्माने ब्राह्मण, शिक्षणाने पदवीधर असे हे गृहस्थ मेलेली गुरे स्वतः सोलीत, आणि कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी हा उद्योग उभा केला. आमच्या वाचकांपैकी वृद्धांस त्यांच्यावर झालेली टीकाही ठाऊक असेल. आमच्या मते त्यांचे करणे थोर होते. परंतु याच प्रश्नास दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक वजनदार आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून द्या, असे निक्षून सांगितले. ज्याने हे काम आपखुशीने पत्करले त्यास ते साधना वाटेल. ज्याच्यावर ते जन्माने लादले त्यास ती बेडीच होती. ब्राह्मणाने चर्मकार्य शिकणे हे एक, आणि महारास वा चांभारास 'तुझे काम पवित्र आहे, तेच कर' असे सांगणे हे दुसरे. २०१६ च्या जुलै महिन्यात गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांस उघड्या रस्त्यात मारहाण झाली, तेव्हा ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही, हे सर्वांस दिसले.

वडिलांच्या आक्षेपास मात्र आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. शेळी मांसासाठीच मारली जाते, कातडे हे मागे उरणारे होय, असे शौकीन सांगतात. ते खोटे नाही. परंतु शाकाहारी घरास ते पुरेसे वाटणार नाही, आणि वाटू नये. 'मग नकली चामड्याचे घ्या' असा सल्ला कोणी देतात. ते चामडे म्हणजे कापडावर चढविलेले प्लॅस्टिक. आपल्या दमट हवेत काही वर्षांतच त्याची पापुद्रे सुटू लागतात, आणि कचऱ्यात गेल्यावर ते मातीतही मिळत नाही. आमचे मत विचाराल तर घ्यावयाचे असल्यास एकच घ्यावे, जुने वापरलेले मिळाल्यास उत्तम, आणि ते मुलास देता येईल इतके टिकवावे. विकणाऱ्यास, कातडे कोणत्या जनावराचे, कोठे कमावलेले, असे विचारण्याची लाज बाळगू नये. ज्यास उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये. एकाच्या जागी तीन जॅकेटे टांगणाऱ्या तरुणाच्या वडिलांशी आम्ही पूर्णपणे सहमत आहो.

आणखी एक गोष्ट तरुणांस सांगावयाची आहे. परक्या तुकड्यांची चिन्हे, बॉम्बफेकीच्या खुणा, पाठीवरची चित्रे, हे सारे विकत मिळते म्हणून शिवून घेऊ नये. त्या खुणा कोणीतरी जिवावर उदार होऊन मिळविलेल्या होत्या. जॅकेट साधेच शोभते. स्टीव्ह मॅक्वीनने कोणत्या चित्रपटात कोणते जॅकेट घातले, हे ज्यांस तोंडपाठ आहे त्यांस हृषीकेश मुळगावकर यांचे नाव विचारावे. १९४० साली हवाई दलात शिरलेले, महावीर चक्राचे मानकरी, आणि १९७६ ते १९७८ या काळात भारताचे हवाई दलप्रमुख झालेले हे मराठी गृहस्थ २०१५ साली वारले. नागपुरास आजही हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्य ठाणे आहे. तेथून बोरगाव किती दूर? शौकाने माणसास थोडे वाचावयास लावले, तर तो शौक आम्ही गोड मानू.

बोरगावच्या त्या घरी शेवटी जॅकेट जिन्याच्या वळणावरील खुंटीवर गेले आणि मृगाजिन पुन्हा माळ्यावर. नातू पौषातल्या पहाटे ते घालून दुचाकीवरून नागपुरास जातो. वर्ध्याच्या थंडीस तेवढेच दोन महिने, त्यामुळे जॅकेट पुष्कळ वर्षे टिकेल यात शंका नाही.

काकूंच्या बुरशीचे मात्र मनावर घ्यावे. मृगापासून अश्विनापर्यंत चामडी जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. सुती चादरीचे आच्छादन घालून रुंद लाकडी टांगणीवर वारा खेळेल असे ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावे. भिजल्यास सावलीत वाळवावे, उन्हात किंवा शेगडीजवळ कदापि नाही. चामड्याचे मलम वर्षातून एकदा, तेही बोटभर. अधिक तेल पाजल्याने कातडे ढिले पडते. चेन बिघडल्यास गावातील जाणता चर्मकार ती बसवून देईल, त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नये. सर्वांत आधी झिजतात ते मनगटाचे लोकरी पट्टे. ते परदेशातून मागविण्याची काही आवश्यकता नाही. बारीक लोकर, बारीक सुया, आणि एक सुलट एक उलट अशी साधी वीण. घरात स्वेटर विणणारे कोणी असेल तर दोन संध्याकाळींचे काम. रंग मात्र जॅकेटापेक्षा एक छटा गडद घ्यावा, कारण लोकर धुतल्यावर फिकी पडते.