हुद्दा म्हणजे गुन्हा नव्हे

2007 साली 'कोरल सी' हे जहाज इक्वेडोरची केळी घेऊन ग्रीसच्या बंदरात लागले. केळ्यांच्या खोक्यांत 51 किलो कोकेन सापडले आणि जहाजाचा क्रोएशियन कप्तान गजाआड गेला. खालच्या न्यायालयाने त्याला 14 वर्षांची शिक्षा ठोठावली. 2009 साली अपिलात तो निर्दोष सुटला. मधला तुरुंगवास भरून कोण देणार?

माल कप्तानाचा नसतो. तो खोक्यांत बंद होऊन जहाजावर चढतो. हजारो खोकी फोडून पाहणे कोणाही कप्तानाला अशक्य आहे. जहाजाची जबाबदारी त्याची, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जबाबदारी म्हणजे अपराध नव्हे. अपराधाला जाणीव लागते.

कोणी म्हणेल, खलाशीही सामील असतात. असतात! 2019 साली फिलाडेल्फियात 'एमएससी गायाने' जहाजावर सुमारे 20 टन कोकेन सापडले. भर समुद्रात ते चढवून घेणाऱ्या खलाशांना शिक्षा झाल्या. पण त्या पुराव्यावर, हुद्द्यावर नव्हे.

हा प्रश्न परक्यांचा नाही. वसई-गोव्याची कितीतरी मुले बोटीवर आहेत. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे 35 वे कलमही आरोपीला जाणीव होती असे गृहीत धरते. नव्हती, हे त्यानेच निःसंशय सिद्ध करायचे!

तस्करीचा आम्हांस तिटकाराच आहे. म्हणूनच आमचे सांगणे आहे : माल कोणी भरला, पैसा कोणी पुरवला, याचा माग काढा. हाती लागला म्हणून कप्तानाला डांबल्याने खरा चोर मोकळाच राहतो.