दुरुस्तीची दुरुस्ती

दुखण्यालाही आपल्याकडे फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास असतो. अपेंडिक्स काढलं की अख्खं ऑफिस शहाळी घेऊन भेटायला येतं. लिगामेंट फाटलं तर उलट कॉलर ताठ, कारण 'फुटबॉल खेळताना झालं' असं सांगता येतं. लेसिक करून चष्मा घालवला तर लोक डॉक्टरचा नंबर मागतात. पण ब्रेस्ट इम्प्लांट केलं आणि ते बिघडलं, तर? तर गप्प बसायचं. कारण उत्तर आधीच ठरलेलं आहे. 'कुणी सांगितलं होतं? हौस केलीस ना, मग भोग आता!'

आज या 'भोग'बद्दल बोलायचंय. ऑफिसात वाचत असाल तर पान हवं तर दुमडून वाचा, पण वाचा.

माझी रूममेट आयटीत आहे, वय वर्षं एकतीस. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या छातीवर तिसरं ऑपरेशन झालं. पहिलं हौसेचं, दुसरं पहिल्याची डागडुजी आणि तिसरं त्या दोन्हींची दुरुस्ती. तिला विचारूनच लिहितेय. तिची एकच अट होती, 'मला बिचारी करू नकोस.' तर मंडळी, ती बिचारी अजिबात नाही. ऑपरेशननंतर शरीरातून बाहेर येणारं पाणी किती मिलिलिटर, याचं एक्सेल शीट करणारी मुलगी बिचारी कशी असेल?

'का केलंस?' हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारून झालाय, म्हणून मी विचारला नव्हता. एका रविवारी पोहे खाताना तिनेच सांगितलं. कॉलेजात तिचं नाव 'कॅरम बोर्ड' होतं. नोकरी लागली, पगार वाढला, एका क्लिनिकचं पॅकेज होतं, वर ईएमआयची सोय. २०१९ मध्ये तिने करून टाकलं. वर्षभर खूश होती. मग डावी बाजू हळूहळू कडक व्हायला लागली.

हे कडक होणं म्हणजे काय, ते थोडक्यात. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती एक पातळ पडदा विणतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. हे प्रत्येकीच्या बाबतीत होतं, त्यात काही गैर नाही. पण काहींमध्ये हा पडदा जाड होतो, आवळत जातो आणि आतलं इम्प्लांट मुठीत धरल्यासारखं दाबतो. याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. डॉक्टर त्याला एक ते चार असे ग्रेड देतात. एक म्हणजे मऊ, नॉर्मल. तीन म्हणजे हाताला कडक आणि डोळ्यांना वेडंवाकडं. चार म्हणजे त्यात दुखणंही आलं.

ती पुन्हा त्याच क्लिनिकमध्ये गेली. तिथे म्हणाले, 'छोटासा टचअप करू. सर्जनची फी नाही, फक्त ओटीचे आणि इम्प्लांटचे पैसे. आणि थोडे मोठे घालू, म्हणजे छान भरून दिसेल.' फेब्रुवारी २०२२ मध्ये हा टचअप झाला. पडद्याला चिरा दिल्या आणि आधीपेक्षा मोठे इम्प्लांट बसवले. सहा महिन्यांत डावी बाजू पुन्हा कडक झाली आणि उजवं इम्प्लांट वजनाने खाली सरकलं. याला बॉटमिंग आउट म्हणतात. म्हणजे एक बाजू दगड आणि दुसरी घसरगुंडी!

बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. सैल कुर्ता घातला की झालं. पण मी एकाच घरात राहते, मला दिसायचं. तिला पालथं झोपता येत नव्हतं. लोकलमध्ये वरच्या रॅकवर बॅग टाकायला ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. मिठी मारताना आधी उजवा खांदा पुढे करायची, म्हणजे समोरच्याला डाव्या बाजूचा कडकपणा लागू नये. आणि हे ती दोन वर्षं सहजपणे करत होती, जणू जन्मतःच तशी आहे.

मग प्रश्न येतो, दुसऱ्या वेळीही त्याच क्लिनिकमध्ये का? मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. नव्या डॉक्टरकडे जायचं तर पहिल्यापासून सगळं सांगायला हवं. आईला सांगितलेलं नाही, ऑफिसात 'मायनर सर्जरी' म्हणून सुट्टी टाकलेली, मैत्रिणी म्हणणार 'तुला तेव्हाच सांगितलं होतं'. मग ज्याला आधीच सगळं माहीत आहे, त्याच्याकडेच जाणं सोपं वाटतं. त्यात फी माफ! लाजेमुळे माणूस सेकंड ओपिनियन घेत नाही, कागद मागत नाही आणि तक्रार तर नाहीच नाही.

खरं तर इम्प्लांट बिघडणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. टिमी जीन लिंडसी नावाची ती बाई खरं म्हणजे छातीवरचा टॅटू काढायला गेली होती. डॉक्टरांनीच तिला इम्प्लांटचं विचारलं. ती म्हणाली, त्यापेक्षा माझे कान नीट करा. शेवटी दोन्ही झालं! तेव्हापासून आजवर हे तंत्र खूप सुधारलं, पण एक गोष्ट बदलली नाही. ही वस्तू जन्मभराची नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये इम्प्लांटवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, त्यात हेच वाक्य आहे. त्याआधी २०११ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं, की सौंदर्यासाठी इम्प्लांट करणाऱ्या पाचपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागतं.

त्याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. एका मोठ्या कंपनीच्या सिलिकॉन इम्प्लांटचा दहा वर्षं अभ्यास झाला. पहिल्यांदाच इम्प्लांट केलेल्यांपैकी साधारण ३६ टक्के बायकांवर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. ज्या आधीचं बदलायला आल्या होत्या, त्यांच्यात हाच आकडा साधारण ४६ टक्के होता. म्हणजे फंडा क्लिअर आहे. रिव्हिजन ही पहिल्या ऑपरेशनची कार्बन कॉपी नसते. दर वेळी आतली कातडी ताणलेली असते, पेशी पातळ झालेल्या असतात, जुने व्रण असतात. नवं घर बांधणं आणि लोक राहत असताना जुन्या घराचं प्लंबिंग बदलणं यात जो फरक, तोच इथे.

अखेर २०२४ च्या दिवाळीनंतर ती दुसऱ्या सर्जनकडे गेली. मी सोबत होते. डॉक्टरांनी तपासण्याआधीच विचारलं, 'इम्प्लांटचं कार्ड कुठंय?'

कार्ड? आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

प्रत्येक इम्प्लांटसोबत स्टिकर येतात. त्यावर कंपनी, प्रकार, आकार, सिरीयल नंबर असतो. एक स्टिकर फाइलला लागतो, एक पेशंटच्या कार्डावर जायला हवा. तिला दोन्ही वेळा कार्ड मिळालंच नव्हतं. आणि हे नुसतं कागदी कौतुक नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, तेव्हा 'माझ्यात कुठलं आहे?' याचं उत्तर ज्यांच्या कागदावर होतं त्यांना लगेच कळलं. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. कारण होतं एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे कॅन्सरशी, असलेला त्यांचा संबंध. खरखरीत इम्प्लांट पूर्वी कधी बसवलेलं असेल तर नंतर ते काढलं तरी डॉक्टरला ते माहीत असावं लागतं. आणि हिचं पहिलं ऑपरेशन २०१९ चंच!

मग सुरू झाली फाइलची शोधाशोध. भारतातल्या डॉक्टरांसाठी २००२ पासूनचे नियम आहेत. अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. फोनवर क्लिनिकने 'सिस्टिम बदललीय मॅडम' असं सांगितलं. तिने लेखी अर्ज दिला, पोच घेतली, त्यावर तारीख टाकून घेतली. तिसऱ्या दिवशी २०२२ ची फाइल मिळाली, स्टिकरसकट. गुळगुळीत इम्प्लांट. २०१९ ची मात्र नाही मिळाली, तीन वर्षं कधीच उलटून गेली होती. गंमत बघा, फाइलचं आयुष्य तीन वर्षं आणि इम्प्लांटचं त्याच्या कितीतरी पट! हिशेब कुणी ठेवायचा? आपणच.

सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फुटलं तरी बाहेरून अनेकदा कळत नाही, म्हणून हे करायचं. सुदैवाने फुटलेलं नव्हतं. मग डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले. काढून टाका आणि तसंच ठेवा. काढून टाका आणि सैल झालेली कातडी उचलून घ्या. किंवा काढा, जुनी कॅप्सूल काढा आणि स्नायूखाली नवी जागा करून लहान इम्प्लांट बसवा. वर म्हणाले, 'आज उत्तर देऊ नका. पंधरा दिवसांनी या.' मला तो माणूस तिथेच आवडला.

त्या पंधरा दिवसांत आमच्या किचनमध्ये बऱ्याच डिबेट झाल्या. माझं म्हणणं, 'काढून टाक ना यार, सुटशील एकदाची.' ती शांतपणे म्हणाली, 'तुला सुटल्यासारखं वाटेल. मला लहान हवंय, शून्य नकोय.' यावर मी काय बोलणार? शरीर तिचं. दोनदा बिघडलं म्हणून तिची पहिली इच्छा खोटी ठरत नाही.

या वेळी तिने आईला फोन केला. आई नाशिकहून डिंकाचे लाडू घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, 'तेव्हा विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं. आता नीट करून घे.' बास! पाच वर्षं ज्या वाक्याची भीती होती, ते इतकंच निघालं.

ऑपरेशन जवळजवळ चार तास चाललं. काढलेली कॅप्सूल पॅथॉलॉजीला गेली, रिपोर्ट चांगला आला. दोन्ही बाजूंना ड्रेनच्या बाटल्या. पहिले काही दिवस पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं, केस आईने विंचरायचे, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. दुधाची पिशवी उचलली तरी सासूबाईंनी ओरडावं तशी मी ओरडायचे. जिम सहा आठवडे बंद.

आणि बिल? मेडिक्लेम नाही. आपल्याकडच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेलीच असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतर केलेली पुनर्रचना चालते. किंवा आरोग्याला थेट, तातडीचा धोका आहे असं डॉक्टरने प्रमाणित केलं तर काही आशा. हिच्यासाठी एचआरने दोन ओळींत नकार कळवला. सेव्हिंग्ज मोडले.

आता कशी आहे? दोन्ही बाजू मऊ आहेत. अगदी सारख्या नाहीत, जवळून बघितलं तर कळतं. डावीकडे एका पट्ट्यात स्पर्श कमी लागतो, तो परत येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. आणि हेही शेवटचं ऑपरेशन असेल याची गॅरंटी कुणी दिलेली नाही. तिला हे सगळं माहीत आहे. पहिल्या वेळी आणि या वेळी हाच तर फरक आहे.

ज्यांचं झालंय किंवा ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी तिने सांगितलेले चार मुद्दे:

एक, सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच किंवा डीएनबी आहे का, ते विचारा. विचारल्यावर राग आला तर उत्तर मिळालंच.

दोन, 'बिघडलं तर काय करणार आणि त्याचे पैसे कोण भरणार?' हे ऑपरेशनच्या आधी लिहून घ्या.

तीन, 'टचअप' हा शब्द ऐकलात की सेकंड ओपिनियन घ्या. इन्फेक्शनसारखी घाई नसेल तर थांबायला वेळ असतो.

चार, सिलिकॉन असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. एफडीएचा २०२० पासूनचा सल्ला आहे हा.

आणि माझ्याकडून पाचवा. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. ती सेवा गरजेची होती की हौसेची, यावरून तुमचा हक्क कमी-जास्त होत नाही. आपण हौसेने घेतलेला फ्रिज बिघडला तर कंपनीला दहा फोन करतो. कुणी म्हणत नाही, 'थंड पाणी प्यायची हौस होती ना, मग भोग!'

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. कार्ड शोधा. नसेल तर अर्ज लिहा, पोच घ्या, तारीख घाला. तीन वर्षं पटकन जातात हो.