नागवल्लीचा अपराध कोणता?

भयपटाची चर्चा करणे म्हणजे समीक्षेची पायरी सोडणे होय, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. अशा चित्रपटाचा उत्तरभाग तर त्याच्या लेखी निव्वळ गल्ल्याचा व्यवहार. हे मत मला मान्य नाही. कथेत राक्षस कोणाला ठरवले जाते, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. आणि राक्षसीण तंजावरची असेल, तर मराठी अभ्यासकाला तो टाळता येणार नाही.

१९९३ साली फाझिल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मणिचित्रत्ताळ्’ या मल्याळम चित्रपटातील नागवल्ली ही तंजावरची नर्तकी. तिला केरळातील वाड्यात आणून ठार मारणारा घरधनी हाच खरा अपराधी. भूत तेथे नाहीच. आहे ती गंगेची मनोव्यथा आणि ती ओळखणारा मानसोपचारतज्ज्ञ. २००७ च्या ‘भूलभुलैया’ या हिंदी रूपांतरात नर्तकी बंगाली झाली, तरी हा गाभा टिकला. २०२२ च्या उत्तरभागात मात्र भूत खरे ठरले आणि मंजुलिका जादूटोणा करणारी खुनी झाली. जिच्यावर अन्याय झाला तीच अपराधी, आणि मारणारा कथेतूनच नाहीसा! रहस्याचा याहून मोठा घात कोणता?

मूळ चित्रपटही सर्वस्वी निर्दोष नव्हे. मल्याळम चित्रपटातील भूत तमिळ बोलते, २००५ च्या तमिळ ‘चंद्रमुखी’तील तेलुगू, हिंदीतील बंगाली. भय नेहमी शेजारणीच्या भाषेत बोलते. वस्तुतः तंजावरची परंपरा याच्या नेमकी उलट. शाहजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा एका रंगभूमीवर नांदतात. प्रतापसिंह या मराठी राजाच्या दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिने तमिळ भूमीत तेलुगू ‘राधिकासांत्वनम्’ रचले. बंगळूर नागरत्नम्मा यांनी ते १९१० मध्ये पुन्हा प्रकाशात आणताच ब्रिटिश सरकारने अश्लील म्हणून त्यावर बंदी घातली. ती १९४७ मध्ये उठली. तंजावरच्या कलावंतिणीला स्वतःचा शब्द होता. तो हिरावणारे निराळेच होते.

उत्तरभागाने पूर्वभागाला उत्तर द्यावयाचे असते. ‘मला कोणी मारले?’ हा नागवल्लीचा प्रश्न. त्याला ‘तूच चेटकीण’ असे म्हणणे हे उत्तर नव्हे; तो दुसरा खून आहे. समीक्षेने मौन पाळले, तर ती त्या खुनाची साक्षीदार नव्हे, भागीदार ठरेल.