दुसऱ्या वर्षाचे पान

गेल्या महिन्यात परिचयातील एक निवृत्त शिक्षक मुलाच्या जर्मनीतील शिक्षणाचा जमाखर्च मांडलेली लाल कापडी बांधणीची वही घेऊन आमच्याकडे आले. पहिल्या वर्षाचे पान काठोकाठ भरले होते. विमानभाडे, व्हिसाचे शुल्क, गरम कपडे, इतकेच काय, प्रेशर कुकरच्या दोन जादा रिंगांचीही त्यात नोंद होती. दुसऱ्या वर्षाच्या पानावर मात्र ‘तो तिथे कमावील’ एवढी एकच ओळ होती.

माझे सारे म्हणणे त्या ओळीविषयी आहे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही वार्ता आता गावोगाव पोहोचली आहे. परंतु शुल्क माफ असले म्हणून अन्न आणि निवारा फुकट मिळत नाही, आणि म्हणूनच तेथील सरकार व्हिसासाठी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरावयास लावते व त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती पडू देते. त्यात घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागण्याची कायद्याने मुभा आहे. तेव्हा वर्षाची पुंजी खात्यात असूनही पहिल्याच महिन्यात मुलाची ओढाताण होते.

हे कसेबसे निभावते. पण निवासाच्या परवान्याची मुदत सरली, की निर्वाहाच्या साधनांचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. विद्यार्थ्यास वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करता येते हे खरे. परंतु परवानगी म्हणजे नोकरी नव्हे, आणि परीक्षा तोंडावर असता रात्रपाळी करणाऱ्याचे सत्र वाया गेले, तर मिळकतीपेक्षा वाढीव मुक्कामाचाच खर्च जड होतो. इकडे बँकेने शैक्षणिक कर्जाचे हप्ते स्थगित ठेवले, तरी व्याज चढतच असते, आणि तारण असते ते आईवडिलांचे राहते घर.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच, १९१७ साली, खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही लंडनचे अध्ययन अर्धवट टाकून परतावे लागले होते. तेथे पुन्हा जाण्याइतके द्रव्य जुळवण्यास तीन वर्षे गेली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की कर्जाच्या अर्जातच दोन्ही वर्षांची रक्कम मागावी, मुलाची संभाव्य कमाई जमेच्या बाजूस मुळीच धरू नये, आणि तेवढे कर्ज झेपत नसेल, तर प्रस्थान वर्षभर लांबवावे. मास्तरांनी ती ओळ माझ्यासमोर खोडली. मुलगा तूर्त पुण्यात नोकरी करीत आहे, आणि वही अद्याप माझ्याच टेबलावर आहे.