फाटकाबाहेरची मुख्याध्यापिका

मुलगा परीक्षा उतरला, दाखला हातीं पडला, कीं शाळेची जबाबदारी संपली, असें मानणारे पालक पुष्कळ आहेत. हें मत आम्हांस मान्य नाहीं. तें कां, हें सांगण्यास अमेरिकेंतील कृष्णवर्णीय विदुषी फॅनी जॅक्सन कॉपिन ह्यांचें चरित्र पुरेसें आहे.

त्यांचा जन्म १८३७ सालीं वॉशिंग्टन शहरांत गुलामगिरींत झाला. महिना सहा डॉलर मिळविणाऱ्या त्यांच्या मावशीनें, सारा हिनें, १२५ डॉलर भरून ह्या पोरीस मुक्त केलें. म्हणजे जवळजवळ एकवीस महिन्यांचा सगळा पगार! वाचकहो, त्या बाईनें तेवढ्या काळांत खाल्लें तरी काय असेल? पुढें लोकांच्या घरीं चाकरी करून फॅनीबाई शिकल्या व १८६५ सालीं ओबर्लिन कॉलेजांतून पदवीधर झाल्या. वर्गांत उत्तर देण्यास उभें राहतांना साऱ्या आफ्रिकी वंशाची अब्रू आपल्या खांद्यांवर आहे असें वाटे, असें त्यांनीं आत्मवृत्तांत लिहिलें आहे.

त्याच वर्षीं त्या फिलाडेल्फिया येथील 'इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ' ह्या क्वेकर पंथीयांनीं चालविलेल्या शाळेंत शिक्षिका झाल्या, आणि १८६९ पासून १९०२ पर्यंत तेथेंच मुख्याध्यापिका होत्या. (आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं ह्याच शहरांत डॉक्टर झाल्या.) शाळेंत लॅटिन, ग्रीक व गणित उत्तम शिकवीत. छडी मात्र बाईंनीं बंद केली.

पण हा लॅटिन शिकलेला मुलगा शाळेबाहेर पडला म्हणजे जावें कोठें? कृष्णवर्णीय मुलास एखादा धंदा शिकावयाचा तर शहरांत सुधारगृह किंवा तुरुंग हींच काय तीं ठिकाणें, असें बाईंनीं नमूद केलें आहे. 'हें सरकारचें काम' असें म्हणून त्यांस स्वस्थ बसतां आलें असतें. त्या बसल्या नाहींत. सभांतून बोलल्या, वर्तमानपत्रांतून लिहिलें, आपल्याच गरीब समाजापुढें वर्गणीसाठीं हात पसरला. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८९ सालीं शाळेस औद्योगिक विभाग जोडला गेला. सुतारकाम, गवंडीकाम, जोडे शिवणें, छपाई, शिवणकाम, स्वयंपाक असे वर्ग निघाले; जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिति झाली.

कोणी म्हणेल, विद्यामंदिरांत करवत कशाला? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. काळ्या माणसास हाताचें काम पुरे, त्याला पुस्तक कशाला, असें म्हणणारे तेथें त्या काळीं कमी नव्हते. परंतु बाईंनीं करवत आणली ती ग्रीकच्या शेजारीं, ग्रीकच्या जागीं नव्हे. त्यांच्यामागून व्यवस्थापकांनीं शाळा शहराबाहेर चेनी येथें नेली व उद्योगशिक्षणावरच भर दिला, तेव्हां हा तोल ढळला असें आमचें स्पष्ट मत आहे.

निवृत्त झाल्यावर बाई पतीसमवेत दक्षिण आफ्रिकेंत गेल्या व तेथेंही स्त्रियांत काम केलें. १९१३ सालीं त्या वारल्या. बाल्टिमोर येथील शिक्षकांच्या विद्यालयास १९२६ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. आज तें विद्यापीठ आहे.