येलहंकाचा बाजार आणि दहशतवादाचे दुहेरी माप

बंगळूरुच्या येलहंका हवाई तळावर १० ते १४ फेब्रुवारी २०२५ या काळात ‘एरो इंडिया’चे पंधरावे प्रदर्शन भरले. अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ तेथे शेजारी-शेजारी मांडले गेले. प्रदर्शन चालू असतानाच, १३ तारखेस, वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प-मोदी भेट झाली. एफ-३५ भारतास देण्याचा मार्ग मोकळा करीत असल्याचे ट्रम्प यांनी जाहीर केले. दहशतवादाविरुद्ध एकजुटीच्या आणाभाकाही झाल्या.

या आणाभाकांची किंमत तपासली पाहिजे. येलहंकापासून दूर नसलेल्या जालहळ्ळीत डिसेंबर २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’चा ट्विटरवरून प्रचार करणाऱ्या एका तरुणास अटक झाली. त्याच वर्षी कल्याणचे चार तरुण इराकमार्गे त्या संघटनेकडे गेल्याचे उघड झाले. एक नोव्हेंबरात परतला, पकडला गेला आणि खटला रेंगाळत राहिल्याने पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. त्याचा जामीन मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केला. धर्मांधतेच्या या विषाची गय करण्याचे कारण नाही. मात्र हे विष पेरले कोणी?

सुरक्षा परिषदेने २४ सप्टेंबर २०१४ रोजी ठराव २१७८ एकमताने संमत केला. दहशतवादी कृत्यांसाठी परदेशी जाणे, त्यासाठी भरती करणे, पैसा पुरविणे हे सर्व राष्ट्रांनी गुन्हे ठरवावेत, असे बंधन त्याने घातले. अध्यक्षस्थानी स्वतः ओबामा होते! सोव्हिएत फौजांविरुद्ध अफगाणिस्तानात लढणाऱ्या मुजाहिदीनांना १९८०च्या दशकात सीआयएची शस्त्रे, सौदी पैसा आणि पाकिस्तानी छावण्या कोणत्या हिशेबाने मिळाल्या, याचा त्या ठरावात उल्लेख नाही. सीरियातील बंडखोरांना हीच सीआयए २०१७ पर्यंत शस्त्रे व प्रशिक्षण देत होती.

पुढे तर लाजही उरली नाही. ज्याच्या डोक्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलरचे इनाम लावले होते, तो अल-कायदाच्या सीरियन शाखेचा जुना म्होरक्या अहमद अल-शरा दमास्कसच्या सत्तेवर बसला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसचा पाहुणा झाला. त्याआधी, जूनमध्ये, सुमारे साडेतीन हजार परकीय लढवय्ये, त्यांत बहुसंख्य उइगुर, सीरियाच्या सैन्यात सामावून घेण्यास अमेरिकी दूताने संमती दिली होती. कल्याणच्या पोराला कोठडी, वॉशिंग्टनच्या दोस्ताला गालिचा!

भारत सरकारने या दुटप्पीपणाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत आवाज उठवावा, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील रखडलेले खटले विनाविलंब चालवावेत आणि शस्त्रखरेदीच्या प्रत्येक वाटाघाटीचा हिशेब संसदेपुढे ठेवावा.