बर्फावरील घसरगुंडी आणि आमचें पठार

आण्याच्या पठारावर पाऊसच बेताचा, तेथें हिमाची गोष्ट कसली! गोठलेलें पाणी आकाशांतून पडतांना आपण पाहतों तें गारांच्या रूपानें. आणि २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपिटीनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांची जी दशा केली, ती येथील पालकांस सांगावयास नको. अशा या गांवींही आमचे कांहीं विद्यार्थी सायंकाळीं फळीवर उभे राहून हिमाच्छादित उतारावरून भरधाव घसरत असतात. अर्थात् ही सारी घसरण मोबाईलच्या कांचेवर!

खेळाचें नांव 'आल्टोज ॲडव्हेंचर'. कॅनडांतील टोरांटो शहरच्या 'स्नोमॅन' या लहानशा मंडळीनें तो २०१५ सालीं प्रसिद्ध केला. आल्टो हा डोंगरांतला एक मेंढपाळ. मात्र त्याचीं जनावरें मेंढ्या नव्हेत, लामा होत. लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील, उंटाच्या कुळांतलें लोंकरीचें जनावर. त्यांचा कळप सुटला आहे आणि आल्टो फळीवरून त्यांच्या मागें लागला आहे. कांचेवर बोट टेंकलें कीं उडी, दाबून धरलें कीं हवेंत कोलांटी; एवढेंच शिकावयाचें. वाटेंत शेकोटीजवळ झोंपलेला म्हातारा जागा होऊन पाठीस लागतो, ऊन जाऊन पाऊस येतो, रात्र पडते, आणि घसरणें चालूच.

कित्येक पालक म्हणतात कीं, जें हिम जन्मांत पाहावयाचें नाहीं त्याचा खेळ कशास? हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. समुद्र न पाहिलेला मुलगा नकाशावर बोट फिरवितो, त्यास आपण अडवीत नाहीं. शिवाय चाऱ्यासाठीं मेंढरें घेऊन फिरणारे धनगर आपल्या ओळखीचे आहेत. सुटलेल्या जनावरामागें धांवणें म्हणजे काय, हें आण्याच्या मुलास टोरांटोच्या मुलापेक्षां अधिक कळावें. या खेळांत रक्तपात नाहीं, पैज नाहीं. एक गोष्ट मात्र विज्ञानाच्या वर्गानें ध्यानांत घ्यावी: येथें कोलांटी साधली कीं वेग वाढतो. खऱ्या उतारावर वेग येतो तो उंचीमुळें. नुसत्या गिरकीनें तो पदरांत पडत नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. या उतारास शेवटच नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन यांनीं १९६५ सालीं दोन स्की एकत्र जोडून घरच्या मुलांसाठीं जी फळी केली, तीवरून घसरणारें मूल टेंकडीच्या पायथ्याशीं थांबे, आणि पुन्हां घसरावयाचें तर चढून जाई. त्याच खेळास १९९८ सालीं जपानांतील नागानोच्या ऑलिंपिकांत स्थान मिळालें. तेथेंही उतार संपतोच. आपला आणे घाट उतरून आळेफाट्यास गेलेल्या सायकलस्वारास परतीची चढण चुकत नाहीं. आतां पुरे, हें मुलास ही चढणच सांगते. मोबाईलमधल्या डोंगरास चढण नाहीं; म्हणून तें दुसऱ्या कोणास तरी सांगावें लागतें, आणि बहुधा ती आई असते.

२०२० सालीं शाळा बंद असतां पाठांसाठीं जो मोबाईल घरांत आला, तो पुष्कळ घरीं एकच असतो. वडिलांस त्यावर कांद्याचा भाव पाहावयाचा, बहिणीस स्वाध्याय उतरवून घ्यावयाचा. अशा वेळीं तो हिसकावून घेतल्यानें भांडण तेवढें वाढतें. आमची सूचना अशी. खेळांत आल्टो पडला कीं डाव संपतो. तीन वेळां पडला म्हणजे मोबाईल खालीं, असा ठराव आरंभींच व्हावा आणि पडण्याची मोजदाद मुलानेंच करावी. डाव चालूं असतां पालकांनींही हांक मारूं नये. चतुर मुलें पडावयाचें टाळून डाव लांबवितील, हें आम्ही जाणून आहों; तितकें कौशल्य ज्यानें मिळविलें, त्यास दहा मिनिटें अधिक द्यावयास आमची हरकत नाहीं.

त्याच मंडळीनें २०१८ सालीं पुढला खेळ काढला; त्यांत हिमाऐवजीं वाळवंटाची वाळू आहे. आमच्या कोरड्या पठारावरील मुलांस तो अधिक जवळचा वाटेल. तीन डावांचा ठराव त्यासही लागू धरावा.